सुरूर फाट्यावरचं पंक्चर आणि मालिकेतला दीर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट उतरला की थोड्याच अंतरावर सुरूर फाटा लागतो. उजवीकडचा रस्ता वाईला आणि पुढे पाचगणी-महाबळेश्वरला जातो. फाट्याजवळ सर्व्हिस रोडला लागून टायर पंक्चरचं एक दुकान आहे. दहा बाय बाराचा पत्र्याचा गाळा, आत कॉम्प्रेसर आणि टायर उघडायचं मशीन, पुढे मुरमाची मोकळी जागा, मागे कोबा केलेलं छोटं आवार. शेजारी चहाची टपरी. दुकानदार पन्नाशीचे, सगळा फाटा त्यांना आण्णा म्हणतो. हाताखाली एकोणीस वर्षांचा पुतण्या.

पावसाळ्यातला शनिवार होता. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास एक मोठी डिझेल एसयूव्ही डावं मागचं चाक बसलेल्या अवस्थेत दुकानासमोर येऊन थांबली. गाडीत दोघेच होते, चालक आणि एक अभिनेता. हा अभिनेता रोज रात्री साडेआठच्या मालिकेत खलनायकी दिराचं काम करतो आणि शनिवार-रविवारी नाटकाच्या दौऱ्यावर असतो. साताऱ्यात रात्री 9 चा प्रयोग होता. नेपथ्य, तंत्रज्ञ आणि बाकीचे कलाकार बसने दुपारीच पुढे गेले होते. याला पुण्यातलं शूटिंग संपवून स्वतःच्या गाडीने साडेसातपर्यंत नाट्यगृहावर पोचायचं होतं. फाट्यापासून सातारा पस्तीसएक किलोमीटर, म्हणजे हाताशी वेळ होता, पण फार नव्हता.

(माणसांची नावं गाळली आहेत. महिना, गाडी आणि मालिकेचा तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलला आहे.)

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वाई परिसराला नटनट्यांचं अप्रूप नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. मेणवलीचा घाट, वाईचा ढोल्या गणपती, आसपासची गावं यांच्यावर गेली कित्येक वर्षं हिंदी-मराठी कॅमेरे लागले आहेत आणि इथल्या अनेकांनी गर्दीतला माणूस म्हणून रोजावर कामही केलं आहे. पण शूटिंगला युनिट असतं, दोर बांधलेला असतो, ‘मागे व्हा’ म्हणणारी दहा माणसं असतात. दोराच्या अलीकडे कुठे थांबायचं ते लोकांना शिकवावं लागत नाही. पंक्चरच्या दुकानात दोर नसतो. शूटिंग पाहून पाहून सरावलेली माणसंही अशा ठिकाणी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी वागतात.

अडचण

चाकाचं निदान सोपं होतं. गेजवर हवा 9 पीएसआय दिसली, असायला हवी होती 35. टायर ट्यूबलेस. चालकाला चाक बसल्याचं फाट्याजवळच जाणवलं होतं आणि तो शेवटचे दोन-तीनशे मीटरच बसक्या चाकावर आला होता. त्यामुळे टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, रिमखाली चिरडली गेली नसावी असा आण्णांचा अंदाज होता. बाहेरून हात फिरवून पाहिलं तर फुगवटा नाही, गोलाकार रेघही नाही. रेघ उठली असती तर टायर उतरवून आतून पाहिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा त्यांचा नेहमीचा नियम. बसक्या चाकावर गाडी लांब पळवली की आतल्या बाजूचं रबर घासून काळा भुगा पडतो. असा टायर बाहेरून ठीक दिसतो आणि पुढे वेगात फुटतो.

ठरलं असं की स्टेपनी लावायची आणि पंक्चर साताऱ्याला निवांत काढायचं. आण्णांनी मागचं चाक जॅकवर घेतलं. पाच नटांपैकी एक लॉक नट निघाला. अलॉय चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला असा एक वेगळ्या नक्षीचा नट लावतात. तो उघडायला त्याच नक्षीची छोटी चावी लागते, साध्या पान्याने तो हलत नाही. चालक चावी शोधू लागला. डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही, टूलकिटमध्ये नाही, दाराच्या खिशात नाही.

अभिनेता तोवर गाडीतच बसून होता. जॅकवर घेतलेल्या गाडीत कुणी बसायचं नसतं, म्हणून आण्णांनी काच वाजवली आणि म्हणाले, “दादा, जरा बाहेर येता का? गाडी उचललीय.” तो बाहेर आला, टोपी काढून केस सारखे केले आणि टपरीच्या दिव्याखाली उभा राहिला. पुतण्याने त्याच क्षणी ओळखलं.

पुढच्या वीस मिनिटांत जे झालं ते इथल्या मंडळींच्या सांगण्यावरून जुळवलं आहे. पुतण्याने लांबूनच एक फोटो घेऊन व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. त्यात दुकानाची पाटी स्पष्ट दिसत होती. टपरीवरच्या तिघांनी आपापल्या ग्रुपवर टाकला. जवळच्या वस्तीवरून बाइकवर पोरं आली. वाईकडे निघालेल्या दोन पर्यटक गाड्या थांबल्या. सहा वाजून दहा मिनिटांनी चाळीस-पन्नास माणसं जमली होती आणि सर्व्हिस रोडवर बाइका आडव्यातिडव्या लागल्या होत्या.

तीन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या आणि त्या एकमेकींना बाधत होत्या. गाडी जॅकवर होती. तिचा मालक गर्दीत अडकला होता. आणि चाक फिरवून खिळा शोधायचा म्हणून हँडब्रेक सोडलेला होता. हा शेवटचा मुद्दा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागचं चाक उचलून हाताने फिरवायचं असेल तर तो सोडावाच लागतो. अशा वेळी गाडी जागेवर राहते ती पुढच्या चाकांच्या गिअरवर आणि त्यांना लावलेल्या दगडांवर. कामापुरता एवढा आधार पुरतो, पण त्या गाडीला रेलून सेल्फी काढणाऱ्यांचा भार त्यात धरलेला नसतो.

आणि रेलले. बाइकवरून आलेल्या दोघांनी अभिनेत्याला बॉनेटजवळ ओढलं आणि एकजण बॉनेटवर अर्धवट बसला. गाडी हलली. पावसाने भिजलेल्या मुरमात जॅकचा पाय एका बाजूने बोटभर रुतला आणि जॅक तिरपा झाला. आण्णांचा हात त्या वेळी चाकाच्या मागे होता. त्यांनी हात खेचून घेतला आणि ओरडले. गाडी पडली नाही, पण इतपत जवळ प्रकरण आलं होतं.

समोर असलेले पर्याय

तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, तिघांनी (आण्णा, अभिनेता, चालक) ज्यांचा विचार केला ते पर्याय असे.

पहिला, लॉक नट फोडणं. थोड्या लहान मापाचं बॉक्स सॉकेट हातोड्याने नटावर ठोकून बसवायचं आणि लांब पाना लावून फिरवायचं. बहुतेक वेळा नट निघतो. पण नक्षी खराब होते, सॉकेट आत अडकतं, अलॉयला ओरखडा जातो आणि नट मध्येच तुटला तर गाडी तिथेच अडकते. एवढ्या गर्दीत हातोडा चालवायचा नाही म्हणून आण्णांनी हा पर्याय लगेच बाद केला.

दुसरा, चाक न काढता गाडीवरच पंक्चर काढणं. ट्यूबलेसमध्ये हे रोजचं काम आहे. खिळा जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल आणि छिद्र साधारण 6 मिमीपर्यंत असेल तर रबराची वात भरून भागतं. साइडवॉलला किंवा टायरच्या खांद्याला, म्हणजे कडेच्या वळणाला, छिद्र असेल तर वात टिकत नाही. इथे छिद्र नक्की कुठे आहे ते अजून सापडलेलं नव्हतं.

तिसरा, नुसती हवा भरून सातारा गाठणं. चालकाचा कल याकडे होता. खिळा आत रुतलेला असेपर्यंत हवा हळू जाते, हे खरं. पण 35 वरून 9 वर यायला किती वेळ लागला हे कुणालाच माहीत नव्हतं. घाटात गेली की घाट उतरल्यावर, हे कळल्याशिवाय पस्तीस किलोमीटर पोचेल की नाही हे सांगता येत नाही. हमरस्त्यावर 80 च्या वेगात मागचं चाक बसलं तर गाडी शेपूट हलवते.

चौथा, साताऱ्याहून दुसरी गाडी मागवणं. नाटकाच्या व्यवस्थापकाला फोन झाला. तो म्हणाला, गाडी पाठवतो, पण यायला पाऊण तास आणि जायला तेवढाच. म्हणजे साडेसातला पोचणं जमत नाही. व्यवस्थापकाचं वाक्य टपरीवरच्यांनाही ऐकू गेलं: “तिसरी घंटा मी धरून ठेवतो, पण पंधरा मिनिटांच्या वर नाही.”

पाचवा, 112 ला फोन करून पोलिसांना बोलावणं. अभिनेता याला तयार नव्हता. लोक चांगले आहेत, उगाच नाव खराब होईल, असं त्याचं म्हणणं. आण्णाही कचरत होते, कारण रोज इथे दुकान त्यांनाच चालवायचं आहे. गर्दी सर्व्हिस रोडवर पसरल्यावर हा फोन करायला हवा होता. न करण्याची कारणं समजण्यासारखी आहेत, पण ती कारणं रस्त्यावर उभ्या असलेल्या पोरांच्या सुरक्षेची नव्हती.

सहावा पर्याय अभिनेत्याने स्वतःच हसत मांडला. “मी तो नाही, त्याच्यासारखा दिसतो असं सांगू का?” काही नट हे करतात आणि एकट्या-दुकट्यासमोर ते खपतं. पन्नासांसमोर ते उलटतं. आधी ‘खोटारडा’ ठरतो, मग ‘माजोरडा’.

काय केलं

निर्णय आण्णांनी घेतला, आणि प्रकरणाला खरं वळण इथे मिळालं. दुसरा पर्याय घ्यायचा, पण या जागेवर नाही. गाडी मागच्या कोब्यावर न्यायची.

त्यांनी आधी जॅक खाली घेतला. मग त्याच चाकात 35 पर्यंत हवा भरली. खिळा आत होता, त्यामुळे पाच-दहा मिनिटं ती हवा टिकणार होती. गाळ्याच्या कडेने मागच्या आवारात जाणारा साधारण आठ फुटांचा बोळ आहे. चालकाने गाडी तिथून मागे घातली. गाडी आत जाताच आण्णांनी आणि पुतण्याने बोळाच्या तोंडावर ट्रकचे जुने टायर आडवे टाकले, तीन खाली, दोन वर. याला कुंपण म्हणता येणार नाही, कुणीही ओलांडू शकतं. पण ओलांडण्यासाठी पाय उचलावा लागतो, आणि पाय उचलताना माणूस एकदा विचार करतो. एकानेही ओलांडलं नाही.

अभिनेता गाळ्यात कॉम्प्रेसरच्या मागे लाकडी बाकावर बसला. शटर अर्धं ओढलं. आण्णांनी गर्दीला जे सांगितलं ते चहावाल्याला जसंच्या तसं आठवतं: “गाडी झाली की दादा बाहेर येतील, सगळ्यांबरोबर एक फोटो काढतील. तोवर जो रस्त्यावर उभा राहील त्याला फोटोत घ्यायचं नाही.” या वाक्याने बाइका रस्त्यावरून खाली आल्या. वचन दिलं होतं, वेळ बांधली होती आणि अटही घातली होती. नुसतं ‘चला, निघा’ म्हणून गर्दी हलत नाही, हे रोज गिऱ्हाईक सांभाळणाऱ्याला जास्त चांगलं कळतं.

मागे पुतण्याने साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन चाक हळूहळू फिरवलं. बुडबुडे मधल्या भागातच निघाले. पत्र्याच्या छपराला लावतात तसला स्क्रू होता, डोकं घासून सपाट झालेलं, आणि तिरका घुसलेला. पक्कडीने उपसला. मग छिद्र खरबडून मोकळं करायची सुई आत घालून चार-पाच वेळा फिरवली. रबर सोल्यूशन लावलेली वात दुसऱ्या सुईच्या नाकात ओवली, दोन्ही टोकं बाहेर बोटभर राहतील इतपत आत दाबली आणि सुई एका झटक्यात ओढून काढली. बाहेरची टोकं कापताना अगदी टायरला लागून कापत नाहीत, तीन-चार मिमी ठेवतात. रस्त्यावर घासून ती आपोआप बसतात.

हवा भरली, साबणपाणी टाकलं, आणि बारीक बुडबुडे पुन्हा आले.

चूक साधी होती. स्क्रू तिरका गेलेला, आणि पुतण्याने सुई सरळ घातली. म्हणजे आत दोन वाटा झाल्या आणि वात त्यांपैकी एकीतच बसली. सुई ज्या कोनात खिळा निघाला त्याच कोनात घालायची, हे पुतण्याला माहीत होतं. पण सुई घालताना तो गाळ्यात पाहत होता, कारण आत त्याचा आवडता माणूस बसला होता आणि बाहेरून कुणीतरी शटरच्या फटीत मोबाइल घालून व्हिडिओ घेत होतं. आण्णांनी सुई हातात घेतली, त्याच छिद्रात तिरक्या कोनात दुसरी वात दिली. बुडबुडे थांबले. यात बारा मिनिटं गेली. प्रयोग उशिरा सुरू झाला त्यातला मोठा वाटा या बारा मिनिटांचा आहे.

मधल्या काळात गाळ्यात एक प्रसंग झाला. जवळच्या वस्तीवरच्या एक आजी शटरखालून वाकून आत आल्या, त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी अभिनेत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “लेकरा, त्या गरीब सुनंला किती छळशील रं?” तो उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “आजी, लिहून देतात तसं करतो.” आजींना ते पटलं नाही. निळू फुले यांच्याबद्दल हे सर्वश्रुत आहे की पडद्यावरच्या भूमिका पाहून बायका त्यांना प्रत्यक्षातही शिव्या घालत. पडदा लहान झाला आणि रोज घरात आला, बाकी फरक पडलेला नाही. अशा वेळी भूमिका समजावून सांगत बसू नये. नमस्कार करून विषय संपवावा, त्याने तेच केलं.

गाडी पुढे आणून रस्त्याच्या दिशेला तोंड करून, इंजिन चालू ठेवून उभी केली. मग अभिनेता बाहेर आला. बारकी पोरं पुढे बसली, बाकीचे मागे, चहावाल्याने तीन मोबाइलवर तीन फोटो काढले. सगळं मिळून दोन मिनिटं. चाळीस जणांनी एकेक सेल्फी घेतला असता तर प्रत्येकी वीस सेकंद धरूनही तेरा मिनिटं गेली असती, आणि वीस सेकंदांत एक सेल्फी उरकतो असा अनुभव कुणाचाच नाही. मोबाइल उलटा धरला जातो, डोळे मिटतात, ‘सर, अजून एक’ होतं.

पैशाचा मुद्दा छोटा वाटतो, पण लिहिण्यासारखा आहे. आण्णांनी दर सांगितला, दोन वातींचे दोनशे रुपये. चालकाने पाचशेची नोट दिली, ‘राहू दे’ म्हणाला. आण्णांनी तीनशे परत केले. पुतण्याचं मत होतं की एक पैसा घ्यायला नको होता. आमच्या मते आण्णा बरोबर. फुकट काम हे उपकार होतं आणि उपकाराची परतफेड फोटोने, फोन नंबरने, ‘आमच्या पोराला सिरियलमध्ये घ्या’ने मागितली जाते. दोनशे रुपये देऊन-घेऊन दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या.

सात वाजून पाच मिनिटांनी गाडी निघाली.

परिणाम

अभिनेता आठच्या सुमारास नाट्यगृहावर पोचला. प्रयोग दहा मिनिटं उशिरा सुरू झाला. प्रेक्षकांना वेगळं काही सांगावं लागलं नाही, मराठी नाटकाचा प्रेक्षक तेवढं धरूनच येतो. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात टायर उतरवून आतून पाहिला. साइडवॉल ठीक होती. छिद्र आतून बुजवणारा मशरूम पॅच बसवला, वातींवर भरवसा ठेवून लांब पल्ल्याला जायचं नाही म्हणून.

त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीने. शटरच्या फटीतून घेतलेला व्हिडिओ रात्री रील म्हणून आला. त्यात अभिनेता कपाळाला हात लावून फोनवर त्रासिक स्वरात बोलताना दिसतो. तो फोन घरचा होता, आजारपणाबद्दलचा. रीलवर मात्र ‘ॲटिट्यूड बघा’ असा मजकूर. सोबत गाडीची नंबरप्लेट आणि चालकाच्या तोंडचं ‘साताऱ्याला प्रयोग आहे’. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साताऱ्याच्या हॉटेलबाहेर दहा-बारा जण गाडीचा नंबर बघत उभे होते.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो घेणं हा एरवी गुन्हा नाही. पण अर्ध्या शटरमागे फोनवर बोलणारा माणूस रस्त्यावर नसतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं, तो निकाल सरकारविरुद्धचा होता. दोन खासगी माणसांमध्ये तो कसा लावायचा हा वकिलांचा विषय आहे. साधी गोष्ट अशी की शटर ओढलं होतं ते कशासाठी, हे फटीत मोबाइल घालणाऱ्याला कळत होतं. अभिनेत्याने तक्रार केली नाही. रील टाकणाऱ्याला आण्णांनीच ओळखलं, त्याच्या घरी गेले आणि ते काढायला लावलं. तोवर ते बरंच फिरलं होतं.

फ्लेक्सचा प्रश्न

आठवड्याने पुतण्याने फ्लेक्सचं डिझाइन करून आणलं. मध्ये ग्रुप फोटोतून कापून काढलेला अभिनेता, शेजारी दुकानाचं नाव, खाली ‘कलाकारांची पहिली पसंती’. सहा बाय चारचा फ्लेक्स, छपाईचे पैसेही ठरले होते.

आण्णांनी वाईतल्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं आणि तो फ्लेक्स छापला नाही. त्यामागची कारणं छोट्या दुकानदारांनी समजून घ्यायला हवीत, कारण ‘आमच्याकडे अमुक येऊन गेले’ हे प्रत्येकाला लिहावंसं वाटतं.

प्रसिद्ध माणसाचं नाव, चेहरा, आवाज दुसऱ्याने धंद्यासाठी वापरण्यावर भारतात एकच असा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयं खासगीपणा, फसवी जाहिरात, ट्रेडमार्क, कॉपीराइट अशा वेगवेगळ्या दोऱ्यांनी तो हक्क बांधत आली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 मध्ये एका सराफाला अमिताभ आणि जया बच्चन यांचं चित्र असलेलं होर्डिंग लावायला मनाई केली. ती मूळ जाहिरात तनिष्कची होती, आणि तिच्यासारखंच होर्डिंग या सराफाने आपल्या दुकानासाठी केलं होतं. पुढे 2022 मध्ये बच्चन यांच्याच आणि 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने दिल्लीत, 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात असे आदेश झाले. त्यातले बरेचसे एआय आणि मोबाइल ॲपच्या काळातले आहेत, पण पायाची गोष्ट सराफाच्या होर्डिंगचीच: न विचारता ‘हे आमची शिफारस करतात’ असं भासवू नका.

‘पहिली पसंती’ हे शब्द म्हणूनच अडचणीचे होते. पंक्चर झालं म्हणून थांबलेला माणूस दुकान पसंत करत नसतो.

आणखी एक बारकावा. फोटोचा कॉपीराइट, दुसरं काही ठरलेलं नसेल तर, फोटो काढणाऱ्याचा असतो, फोटोतल्या माणसाचा किंवा मोबाइलच्या मालकाचा नाही. तो ग्रुप फोटो चहावाल्याने काढला होता. म्हणजे फ्लेक्ससाठी चहावाल्याचीही परवानगी लागली असती. त्याने ती एका कटिंगवर दिली असती हे खरं, पण मागायला हवी होती.

शेवटी गाळ्यात कॉम्प्रेसरच्या वर, आतल्या भिंतीवर, चौकटीत फोटो लावला. खाली फक्त तारीख. ना शिफारस, ना दुकानाचं नाव. आठवण म्हणून आत लावलेला फोटो आणि रस्त्याकडे तोंड करून लावलेली जाहिरात यांत फरक आहे, आणि तो फरक वकिलांच्या आधी आण्णांनाच जाणवला होता.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी पहिल्यापासून मागच्या कोब्यावर घेतली असती तर जॅक रुतला नसता. प्रसिद्ध माणूस असो वा नसो, भिजलेल्या मुरमावर जॅकखाली फळी किंवा लोखंडी प्लेट टाकणं हे कामाचं पहिलं पाऊल आहे. ते त्या दिवशी राहिलं, कारण गिऱ्हाईक घाईत होतं. तेव्हा त्याला कुणी ओळखलंही नव्हतं, म्हणजे गर्दीला दोष देता येत नाही.

पुतण्याच्या पहिल्या स्टेटसने गर्दी आली. त्याला ‘फोटो काढू नकोस’ म्हणून उपयोग झाला नसता. ‘काढ, पण गाडी गेल्यावर टाक’ एवढं सांगितलं असतं तर चाळीसच्या जागी पाच माणसं असती. दौऱ्यावरचे जुने कलाकार हेच करतात. ओळखणाऱ्याला जवळ बोलावतात, फोटो देतात आणि अर्ध्या तासाची मुदत मागतात. बहुतेक जण ती पाळतात, कारण त्यांच्याकडे आता एक गुपित असतं आणि ते सांभाळण्यात त्यांनाच मजा वाटते.

अभिनेत्याने टोपी काढली नसती, दिव्याखाली उभं न राहता थेट गाळ्यात गेला असता, तर दहा मिनिटं मिळाली असती. घरचा फोन त्याने शटरच्या आत घेतला हे ठीक, पण फटीकडे तोंड करून घेतला. दौऱ्यावर प्रसिद्ध माणसाबरोबर नुसता चालक असतो तेव्हा हे बघणारं कुणी नसतं. चालक चावी शोधण्यात गुंतला होता. व्यवस्थापकाने निघतानाच बसमधला एक बॅकस्टेजचा मुलगा या गाडीत बसवला असता तर हे काम त्याने केलं असतं. नाटक कंपन्या हा खर्च टाळतात, कारण बसमधली जागा फुकटात मिळते.

पोलिसांना किंवा निदान महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकाला फोन करायला हवा होता, गाडी जॅकवरून खाली आल्याबरोबर. कुणावर कारवाई करायची म्हणून नव्हे, सर्व्हिस रोडवर उभ्या बाइकांसाठी. आण्णांच्या फोटोच्या अटीने बाइका बाजूला झाल्या. झाल्या नसत्या तर त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

आणि लॉक नटची चावी. पंधरा दिवसांनी गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा ती सापडली: स्टेपनीच्या खोबणीत, स्टेपनीच्या खाली. कुणीतरी कधीतरी चाक बदललं होतं आणि चावी तिथेच टाकली होती. स्टेपनी बाहेर काढली असती तर दिसली असती. पण चावी नाही म्हणून स्टेपनी काढलीच नव्हती.